मुठीचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी मूठ आहे. नाव ऐकून दोन पावलं मागे सरकलात ना? मला त्याची सवय आहे. आपल्या भाषेत मूठ म्हणजे बंद केलेला हात. मूठ म्हणजे तलवार धरायची जागा. आणि मूठ म्हणजे मंत्र म्हणून कुणाच्या तरी जिवावर सोडलेली ती तिसरी गोष्ट. ती आजवर कुणी पाहिलेली नाही, पण माणसं भितात तिलाच.

मी दुसरी. तलवारीची. माझं पातं कधीच गंजून गेलं. उरलं आहे वीतभर लोखंड, एक आडवी पट्टी आणि डोक्यावर वाटीसारखी तबकडी. त्या न दिसणाऱ्या तिसरीच्या नावाने एका बाईच्या हातात मला लाल तापवून द्यायचं ठरलं होतं. तो हात वाचला की जळला, ते मी सांगणार आहे. तुम्ही लहान आहात म्हणून मऊ करून सांगणार नाही. ज्यांनी तो निखारा फुलवला त्यांच्या घरातही लहान मुलं होती आणि ती पुढे बसून बघत होती.

माझा जन्म कोणत्या साली झाला ते मला ठाऊक नाही. तीनेकशे वर्षं सहज झाली असतील. लोहाराने मला ठोकून आकार दिला आणि नक्षीकाराकडे पाठवलं. नक्षीकाराने बारीक छिन्नीने माझ्या तबकडीवर चर कोरले, त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवली आणि आठ फुलं केली. फुलांचे मधले ठिपके त्याला सोन्याचे हवे होते. मग त्याने सोनं पाऱ्यात कालवलं. लोण्यासारखा गोळा झाला. तो ठिपक्यांवर चोपडून त्याने मला निखाऱ्यांवर धरलं. पारा धूर होऊन उडाला आणि सोनं चांदीला चिकटून राहिलं.

तो धूर कुठे गेला? त्याच्या छातीत. मी एकटी नव्हते, माझ्याआधी शंभर मुठींवर त्याने असंच सोनं चढवलं होतं. त्याचे हात थरथरू लागले. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो टिकला नाही. म्हणजे माणूस माझ्यापायी मेला, हे खरं आहे. पण मंत्राने मेला नाही, कामाने मेला. त्याच्या बायकोने तेव्हा कुणाचं नाव घेतलं ते मला कळलं नाही. कुणाचं तरी घेतलं असणारच.

पुढे माझी खूप स्तुती झाली. लोक तलवार बघायचे आणि आधी माझ्यावरून बोट फिरवायचे. मग एक दिवस माझा मालक भाईंदरच्या खाडीत होडीतून पडला, की कुणी पाडला. मी गाळात रुतले. खाऱ्या गाळात लोखंडाचं काय होतं, माहीत आहे? मीठ आत शिरतं आणि बसून राहतं. वरून गंजाचे पापुद्रे चढत जातात. माझी फुलं त्या पापुद्र्यांखाली गाडली गेली. वर मिठागरं झाली, बांध पडले, माणसं आली. मी एक काळं-तांबडं ढेकूळ होऊन खाली पडून राहिले. तेव्हा मला एकच भीती होती, की मी अशीच विरघळून जाईन आणि माझ्या अंगावर फुलं होती हे कुणाला कळणारही नाही. आता वाटतं, ती भीती फारच सुखातली होती.

साल एकोणीसशे एक्याण्णव. मीरा रोडच्या बाजूला दर महिन्याला एक नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि इकडे खाडीकाठच्या गावात थोडी मिठागरं अजून चालू होती. तिथे सरूबाई काम करायची. पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नाही. धाकटा दीर धर्माजी आणि त्याची बायको मनोरमा यांच्यासोबत एकाच घरात राहायची. घराचा अर्धा भाग तिच्या नवऱ्याचा होता, म्हणजे तिचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला फारसं आवडत नव्हतं.

तिचं फावडं माझ्यावर आदळलं. तिने मला उचललं, डबक्यात धुतलं, उलटसुलट केलं. मिठागरावरच्या एका म्हाताऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "ही तं तलवारीची मूठ हाय गो."

तो एवढंच बोलला. पण संध्याकाळी नळावर शेजारणीने विचारलं, "काय गवसला गो सरू?"

"मूठ गवसली," सरूबाई म्हणाली. तलवारीची म्हणायचं राहिलं. हंडा भरत आला होता, तिचं लक्ष तिकडे होतं.

मित्रांनो, एक शब्द राहिला. तेवढ्याने काय व्हावं? दुसऱ्या दिवशी नळावर 'गवसली'चं 'ठेवलीय' झालं. तिसऱ्या दिवशी 'ठेवलीय'चं 'मारलीय' झालं. कुणावर मारलीय, हेही लोकांनीच शोधलं. धर्माजी खोकत होता. अंगाने काडी झाला होता. तो चार महिने खोकत होता आणि मी सापडून आठवडा झाला होता. पण हा हिशोब करायला गावात कुणाला सवड नव्हती.

मनोरमाने ईश्वर भगताला बोलावलं. हा ईश्वर सोमवार ते शुक्रवार स्टेशनजवळ पान विकायचा. शनिवारी त्याच्या अंगात यायचं. त्याने तांदळाचे दाणे टाकले, डोळे फिरवले, मला लांबूनच बघितलं. हात लावायची छाती नव्हती त्याची. म्हणाला, "मुठीन पारा भरलाय. करनारी घरातलीच हाय. घराचे वाट्यासाठी केलाय तिना." मग धर्माजीच्या गळ्यात तांब्याचा जाड ताईत बांधला आणि निकाल दिला. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी दुपारी, बांधावर, सगळ्यांदेखत ही मूठ लाल होईस्तोवर तापवायची. सरूने ती उजव्या हातात धरून सात पावलं चालायचं. खोटी नसेल तर हात जळणार नाही. जळला तर घर सोडायचं.

म्हणजे काय, कळलं ना तुम्हाला? लाल लोखंडाने हात जळतो. खऱ्याचा जळतो, खोट्याचाही जळतो. मी लोखंड आहे, माझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार? मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला तोंड नसतं. ज्यांना होतं ते मान डोलावत होते.

भगत गेल्यावर सरूबाई मनोरमासमोर बसली. "मनू, माझा लगीन झाला तवा हा दोन वरसांचा होता. मी कडेवं खेलवलाय त्याला. मी मारीन?"

"मना काय ठावं बाय," मनोरमा तिच्याकडे न बघता म्हणाली. "मना माझा नवरा पायजे. बस."

मी तिच्यावर रागावले होते. पण नंतर मला तिचे हात दिसले. भाकरी थापता थापता थांबत होते. मनोरमाला विधवा व्हायची भीती होती, कारण विधवेचं काय होतं ते ती रोज आपल्याच घरात बघत होती.

त्या रात्रीपासून सरूबाई मला पिशवीत घालून सोबतच ठेवू लागली. खाडीत फेकून दे असं एकीने हळूच सुचवलं. ती म्हणाली, "फेकली तं बोलतील, पुरावा बुरवला. आनी घरान ठेवली तं कोनी नेल, आनी बोलतील, सरूनंच लपवली." मग मी तिच्या पिशवीत, तिच्या कुशीला टोचत राहायचे. तिची धडधड मला ऐकू यायची. गाळात शेकडो वर्षं काढली, पण एवढ्या जवळून भीती मी कधी ऐकली नव्हती.

मंगळवारी मनोरमा बाजारात गेली होती तेव्हा धर्माजीला खोकल्यातून रक्त पडलं. सरूबाईने रुमालाकडे एकदा बघितलं आणि त्याला दंडाला धरून शेअर रिक्षात कोंबलं. मीरा रोड स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात छातीचे फोटो काढायचं मशीन होतं. एक्सरे कुणी म्हणायचं नाही. फोटोच म्हणायचे. फोटो काढणारा होता सहादेव, परभणीकडचा, आठ वर्षं मशीनवर असलेला, तोंडाने तिखट माणूस.

"शर्ट काढा काका," तो म्हणाला. "साखळी, ताईत, धातूचं जे काय असेल ते बाहेर काढून ठेवा."

"ताईत न्हाय काढायचा. भगतान बांधलाय."

"काका, ताईत ठेवला तर फोटोत ताईतच येणार. मग डॉक्टर त्यालाच औषध देतील. चालेल?"

धर्माजीने ताईत काढला. सरूबाईला वाटलं, हे आपल्यालाही सांगितलं. तिने निमूटपणे पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. सहादेव बघतच राहिला.

"मावशी, हे काय?"

"मूठ हाय," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. आता हाही मागे सरकणार.

"मूठ? तलवारीची?"

सरूबाईने डोळे उघडले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा रे," ती म्हणाली, "पंधरा दिसांन तू पयला माणूस, ज्याना तलवारीचा नाव घेतला."

मग तिने सगळं सांगितलं. सहादेव फिल्म धुताना आतूनच ऐकत होता. ओली फिल्म घेऊन बाहेर आला आणि दिव्याच्या पेटीवर लावली. "डॉक्टर चार वाजता येतील, तेच नक्की सांगतील. पण मी रोज हेच बघतोय. हे बघा, वर डावीकडे. हा ढग, आणि ढगात हे भोक. टीबी वाटतोय. आणि हे पंधरा दिवसांत होत नाही मावशी, महिने लागतात. तुम्हाला हे लोखंड सापडलं कधी?"

"पंधरा दिस."

"मग आजार आधी आणि मूठ नंतर. तुमचा भगत काय उलट्या तारखेचं कॅलेंडर वापरतो काय?"

धर्माजी पहिल्यांदा बोलला. "बरा होतो काय रे हा?"

"गोळ्या नऊ महिने, एक दिवस न चुकवता. मग होतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात."

"माझा कोन ऐकल?" सरूबाई म्हणाली. "त्यांना मूठ पायजे. छाती नको."

सहादेवने मला हातात घेतलं. वजन केल्यासारखं वरखाली केलं. "मग मुठीचाच फोटो काढू," तो म्हणाला. "तिच्यात काय भरलंय ते बघू दे की सगळ्यांना."

मित्रांनो, मी घाबरले. हसू नका. मला छिन्नी माहीत होती, आग माहीत होती. पण स्पर्श न करता आत शिरणारी गोष्ट मला नवी होती. आत काही उरलं नसेल तर? सगळी फुलं गंजाने खाल्ली असतील तर? मग ती सरूबाई कशाच्या जोरावर उभी राहणार होती?

पहिला फोटो नुसता पांढरा आला. लोखंडातून किरण पलीकडे जाईनात. दुसराही तसाच. सहादेव स्वतःशीच पुटपुटला, "डॉक्टरला कळलं ना, तर उद्या मीच पान विकायला." मग त्याने मला उलटं ठेवलं, फक्त पातळ तबकडी समोर घेतली आणि मशीनचा जोर वाढवता येईल तेवढा वाढवला. मला उलटं ठेवताना माझ्या कडेची नखाएवढी खपली निखळली. मी मनात म्हटलं, चला, सुरुवात झाली.

तिसरी फिल्म घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"मावशी, तुमच्या लोखंडात बाग आहे."

करड्या तबकडीवर आठ फुलं होती. चांदी लोखंडापेक्षा किरण जास्त अडवते आणि सोनं तर त्याहून जास्त. म्हणून पाकळ्या पांढऱ्या आणि मधले ठिपके सगळ्यांत लख्ख. सरूबाईने फिल्मच्या कडेला, जिथे काही नव्हतं तिथे, भीत भीत बोट लावलं.

"एवढी वरसा गालान परून," ती म्हणाली, "आनी फुला तशीच?"

चार वाजता डॉक्टर आले, फोटो बघून टीबीच म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. मला मात्र तिथे ठेवता येणार नव्हतं. रविवारी मी बांधावर नसते तर सरूबाईने मला पळवलं असं झालं असतं. मग सहादेवने ती पडलेली खपली कापसात गुंडाळली. त्याची मोठी बहीण पंचशीला मुंबईत धातू तपासायच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिच्याकडे ती खपली गेली. खपली म्हणजेही मीच की.

पंचशीलाने आधी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. गंजाखाली चर आणि चरात बसलेली तार. मग तिने मला एका मशीनसमोर ठेवलं. शाळेत हजेरी घेतात ना, तसं ते मशीन असतं. ते किरण टाकून हाक मारतं आणि प्रत्येक धातू आपापल्या आवाजात ओ देतो. लोखंड हजर. चांदी हजर. सोनं हजर. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी बारीक आवाजात, पारा हजर. नक्षीकाराच्या छातीत गेला नाही तेवढा तो माझ्या सोन्यात राहिला होता.

इकडे धर्माजीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण टीबीही मुठीनेच आणला असं म्हणून गावाने बेत सोडला नव्हता. रविवार उजाडला. शेगडी बांधावर आणली. कोळसा घातला. जत्रेला यावीत तशी माणसं आली. धर्माजीला खुर्चीत बसवून आणलं होतं. मनोरमा त्याच्या मागे उभी होती, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून. सरूबाईचा उजवा हात हळदीच्या पाण्याने धुतला. मिठाचं काम करून करून त्या हाताला भेगा पडल्या होत्या. त्या भेगा मला पाठ झाल्या होत्या. ईश्वरने लांब चिमट्याने मला उचलून निखाऱ्यात ठेवलं.

मला तापायचं नव्हतं. पण लोखंडाच्या हातात काय असतं? माझ्या आत बसलेला जुना ओलावा वाफ होऊन बाहेर यायला धडपडू लागला. पापुद्रे तडतडू लागले. एक फुटला आणि त्याच्यासोबत एक फूल उडालं. मग दुसरं. मग तिसरं. लोक त्या आवाजाने मागे सरले. "बोलते ती, बोलते," ईश्वर ओरडला. हो रे, बोलत होते. तुला शिव्या देत होते.

फूल जाण्याची भीती तेव्हा मला उरली नव्हती. मी फक्त तिच्या तळहाताकडे बघत होते. तोच हात, ज्याने मला डबक्यात धुतलं होतं.

तेवढ्यात बांधावरून सहादेव आणि पंचशीला आले, चिखलाने भरलेले. रिक्षावाल्याने त्यांना अर्ध्यात उतरवलं होतं.

"ए, थांबा! हात लावू नका तिला!"

"तू कोन रे?" ईश्वरने चिमटा उगारला.

"मीरा रोडचा. फोटो काढणारा."

"जातीचा कोन, ते विचारतंय मी."

"आठ वर्षं छात्यांचे फोटो काढतोय भगत," सहादेव म्हणाला. "अजून एकाही फोटोत जात दिसली नाही. दिसली की पहिली तुला दाखवतो."

त्याने दोन फिल्म काढल्या आणि एकेक हातात धरून उन्हासमोर उंच केल्या. सूर्य डोक्यावर होता. एका हातात धर्माजीची छाती, दुसऱ्या हातात मी. "या हातात आजार आहे," तो म्हणाला, "आणि या हातात ही मूठ. बघा, आहे का एकमेकांशी काही संबंध? या फुलांवर तुम्ही एका बाईचा हात भाजताय."

माणसं पुढे आली. फुलं सगळ्यांना दिसली. कुणीतरी "आयला, खरंच फुला हायत" असं म्हटलं. मला वाटलं, सुटलो. मग पंचशीलाने कागद वाचायला सुरुवात केली. लोखंड. चांदी. सोनं.

येताना वाटेत सहादेव तिला म्हणाला होता, "ताई, तो पारा वगळ ना. या लोकांना पारा म्हटलं की काय वाटतं तुला माहीत आहे." आणि ती म्हणाली होती, "वगळला तर मी आणि तो भगत एकाच धंद्यातले."

तिने वाचलं. "आणि थोडा पारा."

ईश्वर उडालाच. "पारा! ऐकला? मुठीन पारा भरतात, मी सांगलेला का न्हाय? त्यांचे मशीनवं पन आला!"

पुढे आलेली माणसं पुन्हा मागे गेली. मनोरमाच्या तोंडून हुंदका निघाला. पंचशीला सांगत राहिली, सोनं चढवायची ती जुनी पद्धत आहे, पारा उडून जातो, थोडा राहतो. कोण ऐकतो? गलका एवढा झाला की तिचा आवाज बुडाला. ईश्वरने मला निखाऱ्यातून उचललं. माझी कड लाल झाली होती. चिमटा सरूबाईकडे वळला. मित्रांनो, एवढी माणसं, आणि एकही पुढे आला नाही. सहादेव आला, त्याला दोघांनी मागून धरलं.

सरूबाईने हात पुढे केला नाही. ती ईश्वरकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, नळावर बोलावं तशी, "ईश्वर, तुझे देवीचे मुखवट्यावं सोन्याचा पानी हाय ना रे?"

"हाय. मंग?"

"कोनी चढवला?"

"सोनारान. वसईचे."

"कसा चढवला?"

ईश्वर लोकांकडे बघू लागला.

"तू तवा लहान होतास. मी गेलेले तुझे आयशीबरोबर. त्याना पारा लावला, शेगडीवं धरला, आनी धूर निंगाला तवा आम्हाला दोघींना भायेर काढला, बोल्ला, हा धूर वाईट. मंग सांग, देवीवं मूठ कोनी मारली? सोनारान का तुझे आयशीन?"

आधी एक म्हातारी हसली. मग दोघी. मग हसू पसरलं, आणि हसणाऱ्या माणसांना भीती धरून ठेवता येईना. ईश्वर काहीतरी बोलायला गेला, पण हसण्यात ते कुणाला ऐकूच आलं नाही.

धर्माजी खुर्चीतून उठला. दोन पावलांत त्याला धाप लागली. त्याने हळदीच्या पाण्याची बादली उचलली आणि शेगडीवर ओतली. धूर, राख, सुस्कारा. मग तो ईश्वरला म्हणाला, "ठेव ती खाली. माझे छातीन भोक हाय. मूठ न्हाय." आणि मागे वळून, "वयनी, घरी चल. गोली घ्यायची वेल झाली."

हात वाचला. माझी आठातली तीन फुलं गेली. मला चालेल.

आता तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी सरूबाईची माफी मागितली. कुणीही मागितली नाही. आठवड्याभरात ईश्वर सांगत फिरू लागला की मूठ होतीच, पण फोटो काढल्याने ती उतरली. झालं! लोक दवाखान्यात रांग लावू लागले. "भाऊ, आमच्या घरातल्यावर मूठ बसलीय, फोटो काढून द्या." सहादेव कपाळ बडवून घ्यायचा. "अरे, मूठ उतरवायचं मशीन नाही हे!" पण जे खोकत होते त्यांना तो डॉक्टरसमोर बसवायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या छातीचे फोटो काढायचा. त्या वर्षी त्या गावातले चार टीबीचे रोगी असे सापडले. चारही वाचले. यावर हसायचं की रडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मनोरमाही माफी मागायला आली नाही. पण तिसऱ्या दिवशी ती गोळ्यांची पाकिटं घेऊन सरूबाईच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "बाय, तुमीच द्या त्याला," ती म्हणाली. "माझे हातून एखादी चुकल." सरूबाईने पाकिटं घेतली आणि तिला बसायला पाट दिला. नऊ महिन्यांत एक गोळी चुकली नाही. घराचा अर्धा भाग सरूबाईचाच राहिला.

मला सरूबाईने पंचशीलाकडे दिलं. तिने सरकारी कचेरीत रीतसर नोंद करवली आणि शोधणाऱ्याच्या रकान्यात सरूबाईचं नाव लिहायला लावलं. आता मी एका बंद पेटीत आहे. सोबत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी असते. माझी उरलेली पाच फुलं तिथे आहेत. मी अजूनही भिते. मीठ अजून माझ्या आत आहे. कुणी पुडी बदलायला विसरलं, एक पावसाळा पेटी उघडी राहिली, की ते पुन्हा खायला लागेल.

तेव्हा मित्रांनो, जुनं लोखंड सापडलं तर ते घासू नका, तापवू नका, ओल्या हाताने धरू नका. काळं दिसतं म्हणून ते घाण आहे असं समजू नका. जाणत्या माणसाला दाखवा. एवढी काळजी माझ्यासारख्यांना पुरते.

आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादीचं नाव लोक हळू आवाजात घेत असतील, तर मोठ्यांची वाट बघू नका. मोठे त्या दिवशी बांधावर होते, मी बघितलेत ते. तुम्ही सरळ तिच्या दारात जा आणि तिच्याकडे पाणी मागा. सगळ्यांना दिसेल असं, तिच्या हातून घेऊन, तिथेच उभं राहून प्या.